‘हाई खरं शे का?’ : माझ्या पीएच.डी.ची साडेसहा वर्षं

१ जुलै २०१८. रविवार होता आणि मी पेपरच्या डेस्कवर होते. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने मारून टाकल्याची बातमी आली. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्याआधी कित्येक दिवस आमच्या भागात फिरत होते. माझ्याही फोनवर आले होते. मी वाचून पुसून टाकले होते.

आमच्या पेपरात त्या ‘टोळी’बद्दल एक ओळही छापलेली नव्हती, कारण छापण्यासारखी बातमीच नव्हती ती. एम.ए.ला असताना ‘द्वारपाल’ सिद्धांत पाठ केला होता. डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांचा १९५०चा तो अभ्यास म्हणजे एका छोट्या शहरातला संपादक तारेने आलेल्या बातम्यांपैकी कुठल्या घेतो, कुठल्या टाकतो आणि का टाकतो, याची आठवडाभराची नोंद. अकरा वर्षं मी हेच काम करत होते. एजन्सीची कॉपी, वार्ताहरांच्या बातम्या, फोनवरून आलेली माहिती, त्यातलं काय आत जाईल ते ठरवायचं. त्या रात्री पान लावताना हात चालत होते, पण डोक्यात एकच होतं. मी जे आत येऊ दिलं नाही ते सगळ्यांनी आधीच वाचलं होतं, आणि त्यावरून पाच माणसं गेली होती.

ऑगस्टमध्ये पेटची, म्हणजे पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची, जाहिरात आली. फॉर्म भरला.

पुढचं तारीखवार लिहिते आहे. नोकरी सांभाळून, जिल्ह्याच्या गावी राहून, मराठीतून माध्यमांवर पीएच.डी. करायची तर काय काय वाटेत येतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर निदान दोन वर्षं वाचली असती.

पेट डिसेंबर २०१८ला झाली. निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर, आणि पास व्हायला तेव्हा पन्नास टक्के लागत. पत्रकारितेतून येणाऱ्यांनी संशोधन पद्धतीचा भाग मनावर घ्यावा. बातमीदारीच्या अनुभवावर तो सुटत नाही. मार्चपर्यंत गाइड मिळाले. आमच्या विषयात गाइड थोडे आणि त्यांच्याकडच्या जागाही ठरलेल्या, त्यामुळे जागा रिकामी आहे का, हे विद्यापीठाच्या यादीवर विसंबून न राहता थेट फोन करून विचारावं. सरांकडे एक जागा नुकतीच मोकळी झाली होती. यादीत ती नव्हती.

मे २०१९मध्ये आरआरसीपुढे, म्हणजे आराखडा मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे, सादरीकरण. माझा आराखडा अगदी पुस्तकी होता. जिल्ह्यातली दोन दैनिकं, त्यांच्या पहिल्या पानाचं सहा महिन्यांचं आशय विश्लेषण, तीनशे वाचकांचं सर्वेक्षण, आणि जोडीला व्हॉट्सॲपवरच्या बातम्यांचं तेच. सिद्धांत ‘अजेंडा सेटिंग’चा, म्हणजे माध्यमं ज्या प्रश्नांना महत्त्व देतात तेच लोकांनाही महत्त्वाचे वाटू लागतात. मॅकोम्ब्स आणि शॉ यांनी १९६८च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिल गावातल्या शंभर अनिश्चित मतदारांना महत्त्वाचे प्रश्न विचारले, बातम्यांतल्या प्रश्नांशी ते ताडून पाहिले आणि दोन्ही याद्या जवळजवळ जुळल्या, तो अभ्यास. समितीतल्या एका ज्येष्ठ मॅडमनी शांतपणे विचारलं, “वर्गणीदारांची यादी मिळते. मतदारयादी मिळते. फॉरवर्डची यादी तुम्हाला कुठे मिळणार?”

मला उत्तर देता आलं नाही. आराखडा दुरुस्तीसह मंजूर झाला, जुलै २०१९ची नोंदणी मिळाली, पण तो प्रश्न पुढची सहा वर्षं माझ्या टेबलावर होता. नमुना निवडायचा तर आधी सगळं मिळून किती आहे ते माहीत लागतं. व्हॉट्सॲपवर एप्रिल २०१६पासून मेसेज दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात. जिल्ह्यात आज कुठले मेसेज फिरले, हे बाहेरून कुणालाच मोजता येत नाही. शंभरातला एक उचलायचा, पण शंभर कुठले तेच ठाऊक नाही.

कोर्सवर्क सुरू झालं आणि मार्च २०२०मध्ये सगळं थांबलं. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत छापील पेपरच बंद राहिले. १८ एप्रिलच्या आदेशाने राज्यात घरोघर पेपर टाकायलाही मनाई झाली, ती पुढे शिथिल होत गेली. माझ्या आराखड्यातली ‘जिल्ह्यातली दोन दैनिकं’ लोकांच्या दारात पडत नव्हती. त्यांच्या पीडीएफ ग्रुपवर फिरत होत्या, त्यातही एखादंच पान, कुणीतरी लाल वर्तुळ काढलेलं. मी पहिल्या पानाचे कॉलम सेंटिमीटर मोजणार होते. पण एका माणसाला पान सात मिळालं होतं, दुसऱ्याला पान तीनचा फोटो, तिसऱ्याला नुसता मथळा कापून. पहिलं पान सगळ्यांचं एकच असतं, या गृहीतकावर अजेंडा सेटिंग उभं होतं. ते गृहीतक माझ्याच फोनमध्ये रोज सकाळी मोडत होतं.

जुलैमध्ये ऑनलाइन तासाला सरांनी विचारलं, की टिकटॉकवर प्रबंध लिहिणाऱ्याने आता काय करायचं? २९ जूनला केंद्र सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली होती. सगळे गप्प बसलो. सर म्हणाले, “जुन्या पेपरच्या फायली ग्रंथालयात सापडतात, तसं इथे काही सापडेल असं धरून चालू नका. जे बघाल ते त्याच दिवशी, तारखेसह, स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा.” त्या दिवसापासून मी एक साधी दोनशे पानी वही ठेवली. प्रबंधाच्या शेवटी सगळ्यात जास्त उपयोग त्या वहीचा झाला. तुम्हीही ठेवा. स्क्रीनशॉटवर भरवसा ठेवू नका. तीन वर्षांनी तो का काढला होता ते आठवत नाही.

२०२१ हे माझं सगळ्यात वाईट वर्ष. घरात दोन आजारपणं झाली, त्याबद्दल इथे लिहीत नाही. कामाचं सांगते.

ओळखीच्या लोकांकडून मागून घेतलेले दोनशेएक फॉरवर्ड घेऊन मी आणि एक सहकारी संकेतनाला बसलो. पद्धत अशी की दोघांनी स्वतंत्रपणे प्रत्येक मेसेजला वर्ग द्यायचा, म्हणजे बातमी, मत, अफवा, भक्ती, विनोद, जाहिरात, आणि मग दोघांचं किती जुळतं ते ‘कोहेनचा कॅपा’ या मापाने काढायचं. पॉइंट आठच्या आसपास आला तर उत्तम. आमचा आला ०.४१. मी वर्गांच्या व्याख्या तीनदा बदलल्या. सुप्रभात, खाली गणपतीचा फोटो, त्याखाली पेट्रोलच्या भावाची खरी बातमी, त्याखाली ‘आता तरी जागे व्हा’. हे एकक एक की चार? वर्तमानपत्रात बातमीला चौकट असते, ती कुठे सुरू होते आणि संपते ते दिसतं. इथे एकच फोटो तीन वेगवेगळ्या ओळींसह तीनदा आला होता, आणि तीनही वेळा त्याचा अर्थ वेगळा होता. शिवाय लोक मराठी रोमन लिपीत लिहितात, ‘आहे’ पाच प्रकारे लिहितात. शब्द मोजायचं जे फुकट सॉफ्टवेअर मी वापरून पाहिलं ते काना-मात्रा सुटे करून शब्दांचे तुकडे पाडायचं. इंग्रजी मजकुरावर केलेले अभ्यास वाचून आपण ती साधनं आणतो, पण आपल्या भाषेवर ती आधी पन्नास ओळींवर चालवून पाहावीत. मी थेट दोनशेवर चालवली आणि तीन आठवडे गेले.

त्याच सुमारास मार्च २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल आला, की ग्रुपवर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही. माणसं घेणं आणि काढणं एवढंच त्याच्या हातात असतं, मजकूर येण्याआधी तो अडवू शकत नाही. माझ्या दुसऱ्या प्रकरणात मी ॲडमिनला ‘नवा द्वारपाल’ म्हटलं होतं. ते सगळं पुन्हा लिहिलं. लिहून झालं तोवर २०२२मध्ये ॲडमिनला इतरांचे मेसेज पुसायची सोय मिळाली. पुन्हा लिहिलं. यावरून पुढे एक सवय लावली. ॲपबद्दलच्या प्रत्येक वाक्यात महिना आणि वर्ष घालायचं. ‘ग्रुपमध्ये २५६ सदस्य असतात’ असं नाही, ‘मे २०२१मध्ये कमाल मर्यादा २५६ होती’ असं. परीक्षकांनी नेमकी हीच गोष्ट नावाजली.

आता त्या भेटीबद्दल, जिच्यामुळे प्रबंधाची दिशा बदलली.

नोव्हेंबर २०२१. साक्रीजवळच्या एका गावात निवृत्त शिक्षक आप्पांकडे गेले होते. त्यांनी चार जणांना फॉरवर्ड केलेला एक लसविरोधी मेसेज मला दाखवला होता, आणि मी माझ्या तक्त्यात त्यांना ‘अफवा पसरवणारे’ या रकान्यात टाकलं होतं. चहा घेताना सहज विचारलं, “आप्पा, हा मेसेज तुम्ही पुढे का पाठवला?” त्यांनी फोन माझ्या हातात दिला. चौघांपैकी एक त्यांचा पुण्याला असणारा मुलगा, एक गावच्या उपकेंद्रातल्या आशाताई, एक जुने विद्यार्थी जे आता औषधाचं दुकान चालवतात, एक मेहुणा. चारही ठिकाणी फॉरवर्डच्या खाली आप्पांनी अहिराणीत बोलून पाठवलेला तीन सेकंदांचा आवाज होता: “हाई खरं शे का?” हे खरं आहे का?

आप्पा विचारत होते. माझ्या तक्त्यात ते पसरवत होते.

परतीच्या एसटीत मी वही उघडली नाही. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३मध्ये मांडलं होतं की प्रेक्षक संदेश तीन प्रकारे वाचतो, म्हणजे मान्य करून, वाटाघाटी करत किंवा विरोधात जाऊन. दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या माणसाबद्दल ते होतं, आणि त्या माणसाला वाचल्यानंतर काही ‘करावं’ लागत नव्हतं. इथे वाचणाऱ्याच्या अंगठ्याखाली एक बाण असतो. तो दाबला की बाहेरून एकच क्रिया दिसते, पण आत ती शंका असू शकते, काळजी असू शकते, ‘मी जिवंत आहे, तुमची आठवण आहे’ असंही असू शकतं. पुढे एका मावशींनी मला सरळ सांगितलं, “मी वाचत नाही गं. लेकीला रोज काहीतरी गेलं पाहिजे एवढंच.” आकड्यांत आप्पा, मावशी आणि जाणूनबुजून विष पेरणारा माणूस एकाच रांगेत उभे राहतात. व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच चॅटमध्ये पाठवायची मर्यादा जुलै २०१८मध्ये भारतात आणली, ती आवश्यकच होती. पण ती मर्यादा आप्पांच्या प्रश्नालाही लागू होते, हे कुणीतरी नोंदवायला हवं होतं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, शीर्षक बदलावं लागेल.

शीर्षक बदल म्हणजे सल्लागार समितीची बैठक, तिचं इतिवृत्त, विहित नमुन्यातला अर्ज, शुल्क अडीच हजार, आणि पुन्हा आरआरसी. फेब्रुवारी २०२२ला अर्ज दिला, पत्र ऑगस्टमध्ये हातात आलं. मधे अर्जाची फाइल एका टेबलावर अडकली होती. प्रत्यक्ष गेले तेव्हा कळलं की मागच्या सहामाही प्रगती अहवालाची पोच त्यात नव्हती. प्रत्येक अहवालाची शिक्का मारलेली पोच स्वतःजवळ ठेवा, फोटो नव्हे, कागद. आणि सुरुवातीलाच शीर्षक थोडं सैल ठेवा. माझ्या पहिल्या शीर्षकात दैनिकांची संख्या, कालावधी आणि सिद्धांताचं नाव, सगळंच होतं. एक गोष्ट बदलली की सगळं बदलावं लागलं.

नवी पद्धत अशी ठरली: एकतीस माणसं, प्रत्येकाकडे तीन बैठका, प्रत्येक बैठकीत त्यांचा फोन त्यांच्याच हातात, आणि गेल्या सात दिवसांतले आलेले-गेलेले फॉरवर्ड त्यांनीच मागे सरकवत दाखवायचे आणि सांगायचं. मी शेजारी. समोर नव्हे, शेजारी, कारण समोर बसलं की ती परीक्षा होते.

नीतिमत्ता समितीत हे अडलं. समितीचा आग्रह होता की ग्रुपमधल्या प्रत्येक सदस्याची लेखी संमती हवी. तत्त्व म्हणून ते योग्य होतं. एका ग्रुपमध्ये दोनशेवर माणसं, काही दुबईला, काहींचे नंबरच बदललेले. मी गुपचूप ग्रुपमध्ये शिरून वाचत बसले असते तर काम महिन्यात झालं असतं, आणि तसं करणारे आहेत. मला ते करायचं नव्हतं. राईनपाड्यानंतर पोलिस फोन तपासत फिरले होते. गावात कुणी अनोळखी बाई ग्रुप वाचते आहे म्हटल्यावर काय वाटेल, ते मला माहीत होतं. तीन महिने आणि दोन बैठकांनंतर तोडगा निघाला. फक्त ‘फॉरवर्डेड’ असं लेबल असलेले मेसेज, पाठवणाऱ्याचं नाव-नंबर माझ्या नजरेला पडण्याआधी त्या माणसाने झाकायचं, खासगी संभाषण अजिबात नाही, आणि पदवी मिळाली की मूळ प्रतिमा नष्ट. संमतिपत्र मराठीत, एका पानाचं. अहिराणीत वाचून दाखवायचं. कायदेशीर भाषेतला तीन पानी नमुना मिळतो, तो वापरू नका. लोक घाबरून सही करत नाहीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे न वाचता करतात.

नोव्हेंबर २०२२ ते मार्च २०२४, बहुतेक शनिवार-रविवार. त्याबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. शुद्ध मराठीत किंवा हिंदीत आलेला मेसेज अहिराणीत सांगितला जातो तेव्हा त्यात काय काय मिसळतं, हे मला कुठल्याच कोडिंग शीटने दाखवलं नव्हतं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्या म्हाताऱ्यांपर्यंतही फॉरवर्ड पोचतो, नातवाच्या तोंडून. लाझार्सफेल्ड यांनी १९४०च्या निवडणुकीच्या अभ्यासातून मांडलेला ‘दोन टप्प्यांचा प्रवाह’, म्हणजे माध्यमांकडून गावातल्या जाणत्या माणसाकडे आणि त्याच्याकडून इतरांकडे. तो मी कालबाह्य समजून आराखड्यातून वगळला होता. ओट्यावर बसल्यावर तो पुन्हा घ्यावा लागला. फरक एवढाच की जाणता माणूस आता बारा वर्षांचा असू शकतो. जुने सिद्धांत सरसकट टाकून द्यायची घाई मला झाली होती, ती चूक होती. कुठला मोडतो आणि कुठला नुसता वाकतो, हे तिथे जाऊनच कळतं.

१४ ऑगस्ट २०२४ला क्राउडटँगल बंद झालं. फेसबुकवरच्या सार्वजनिक पोस्टचा माग काढायला जगभरचे संशोधक आणि पत्रकार ते वापरत. ट्विटरने फुकट डेटा देणं त्याआधीच, २०२३मध्ये थांबवलं होतं. एका परिसंवादात ‘आता डिजिटल माध्यमांचं संशोधन कसं होणार’ यावर बरीच चिंता ऐकली. चिंता खरी आहे. मोठा विस्तार मोजायला दुसरा मार्ग नाही, आणि तो मार्ग खासगी कंपन्यांच्या मर्जीवर राहू नये असं मला मनापासून वाटतं. पण माझ्या हातात तेव्हा या बैठकांच्या सहा वह्या होत्या, आणि त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती, त्या एकतीस माणसांची सोडून.

लेखन २०२४चं उरलेलं वर्ष. फेब्रुवारी २०२५मध्ये पूर्वसादरीकरण. मग वाङ्मयचौर्य तपासणी, जी मी किरकोळ समजत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांनुसार साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालतं. माझं एक प्रकरण शून्य टक्के आलं आणि ग्रंथपालांनी बोलावून घेतलं. शून्य येतच नाही. ते प्रकरण मी पेपरातल्या सवयीने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. सॉफ्टवेअरला तिथे मराठी दिसतच नव्हती, नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसत होती. सगळं युनिकोडमध्ये बदललं, जोडाक्षरं आणि रफार हाताने दुरुस्त केले, चौदा दिवस गेले. पहिल्या ओळीपासून युनिकोड. शोधगंगेवरचे, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले, जुने मराठी प्रबंधही बरेचसे नुसत्या चित्रासारखे आहेत, शब्द शोधता येत नाही. तिथे संदर्भ शोधताना अनुक्रमणिका उघडून वाचणं हाच मार्ग आहे, त्याला वेळ ठेवा.

२० जून २०२५ला प्रबंध सादर केला. सहा वर्षांची मुदत जुलैत संपत होती. स्त्रियांना दोन वर्षं जास्त मिळतात, त्यासाठीचा अर्ज मी मार्चमध्येच देऊन ठेवला होता, आणि तो दिल्यावर झोप लागायला लागली. खर्च विचाराल तर दरवर्षीचं शुल्क आठ हजार, सादर करतानाचं दहा, प्रती आणि बांधणी सात, एसटी-पेट्रोल मिळून वीसेक, बाकी किरकोळ. लाखाच्या आसपास जातात. शिष्यवृत्ती नव्हती.

मग वाट पाहणं. पाच महिने. या काळात विद्यापीठात फोन केला तर ‘अहवाल आलेला नाही’ याशिवाय काही कळत नाही. महिन्यातून एकदा विचारणं पुरे.

२८ नोव्हेंबरला खुली मौखिक परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “एकतीस माणसांवरून महाराष्ट्राबद्दल काय सांगाल?” मी म्हणाले, “किती जण असं करतात, ते मला सांगता येणार नाही सर. असं करण्याची कारणं कुठली कुठली असतात, ते सांगता येईल. आणि ती माहीत नसताना मोजलं तर कुणाला कुठल्या रकान्यात टाकलं जातं, तेही.” मग आप्पांची गोष्ट सांगितली. मागच्या रांगेत २०१९च्या त्या मॅडम बसल्या होत्या. परीक्षा खुली असते, कुणीही येऊ शकतं, हे मी विसरले होते. त्यांनी काही विचारलं नाही, बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, “यादी नाही मिळाली ना शेवटी?” मी म्हटलं, नाही. 

डिसेंबरात अधिसूचना निघाली. संमतिपत्रात लिहून दिल्याप्रमाणे मूळ प्रतिमा पुसल्या, दोन्ही डिस्कवरच्या, सरांच्या समोर, आणि तशी नोंद करून सही घेतली. नंतरच्या रविवारी साक्रीला गेले. एकेकाला त्यांचं संमतिपत्र आणि त्यांच्याबद्दल मी जे लिहिलं त्या पानांची प्रत द्यायची होती. आप्पांनी चष्मा लावून त्यांची पानं ओट्यावरच वाचून काढली. आपलं नाव कुठे नाही, याची खात्री करून घेतली. मग एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, “आशाताईंनी मला उत्तर दिलं होतं, ते इथे नाही.”

खरंच नव्हतं. मी फक्त फॉरवर्ड नोंदवले होते, त्यांना परत आलेली उत्तरं नाही. आशाताईंनी तेव्हा काय सांगितलं होतं, ते आप्पांनी मला सांगितलं, आणि मी नवी वही काढली.